साळोजीच्या बिळातला जामीन

त्या राज्यात सगळं धान्य एकाच कोटाच्या आत होतं आणि सगळी पोटं कोटाच्या बाहेर. राजाने पहाऱ्यावर घुबड नेमलं होतं, तेही दिवसपाळीला. म्हणून तिथे चोरी भर दुपारी व्हायची.

धोंडाई घूस आणि साळोजी साळिंदर या धंद्यात भागीदार होते. ती कोटाखाली भुयार खणायची, तो तोंडाशी काटे फुलवून उभा राहायचा. त्या राज्यात भागीदारीची एक रीत होती. पकडल्यावर कुणी कुणाचं नाव सांगू नये, म्हणून आपल्या अंगाचं काहीतरी दुसऱ्याच्या बिळात जामीन ठेवायचं. साळोजीने आपला एक काटा दिला. घुशीच्या अंगाचं असं काय निघणार? तिने धाकटं पिल्लू दिलं, पिटक्या.

पहिले आठ दिवस साळोजीच्या बिळातून रडण्याचा आवाज यायचा. धोंडाईचा जीव तुटायचा, पण पोर आहे एवढं तरी कळायचं. मग आवाज बंद झाला. तिला खाल्लेलं अन्न गोड लागेना.

त्यातच राजाची मुंगसं बिळं हुंगत फिरू लागली. धोंडाई साळोजीला म्हणाली, "बास झालं आता. माझं पोर मला द्या."

"अगं, आत्ता कुठे जम बसतोय! बियाण्याची कोठी राहिलीच की."

"बियाणं नेलं तर पुढच्या साली पिकणार काय? आणि आपण चोरणार काय?"

"पुढच्या सालाचं पुढच्या साली बघू. मुंगसाला मी कधी तुझं नाव सांगितलं का?"

"नाही सांगितलं. पण तुमचा गेला एक काटा, तो पुन्हा उगवलाही. माझं काय?"

साळोजी हसला. "बाई, इमान दोघांचं सारखंच असतं. बियाणं आण आणि पोर ने. शब्द आहे माझा."

धोंडाईने तीन दुपारी खणलं. कोटाच्या दगडावर तिचा पुढचा दात तुटला. चौथ्या दुपारी बियाण्याचा शेवटचा दाणाही तिने साळोजीपुढे आणून टाकला आणि त्याचा काटा तोंडात धरून ती त्याच्या बिळाकडे पळाली.

साळोजीने वाट सोडली. "ने. मी बेइमान नाही."

बिळाच्या दाराशी पिटक्या उभा होता. बाळसं चांगलं धरलं होतं पोराने. पाठीवर चिखल थापून त्यात साळोजीचे गळलेले काटे खोचून घेतले होते. चाहूल लागताच त्याने पाठ वळवली आणि काटे खडखडवले.

"कोण आहे?"

"अरे, मी. तुझी आई. चल बाळा, घरी चल."

पिटक्याने तिला हुंगलं. क्षणभर त्याचं नाक थरथरलं. मग तो म्हणाला, "असशील आई. जामीन काय ठेवतेस?"

धोंडाईच्या तोंडातून काटा खाली पडला. पिटक्याने तो उचलला, पाठीवर बोटभर जागा मोकळी होती तिथे नीट खोचला, आणि दाराशी पुन्हा ताठ उभा राहिला.