रेणूचा अंगठा

"पोरगी हलते, सर. फोटो पुसट येतो. त्यात माझं काय चुकलं?"

डॉक्टर अन्वय तणतणत होता. लहान मुलांच्या मणक्यांचे एमआरआय वाचण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असा त्याचा तोरा.

सहा वर्षांच्या रेणूचे पाय लटपटू लागले होते. मणक्यात जन्मापासूनच बिघाड असावा. पण नेमका कुठे, ते फोटोत दिसल्याशिवाय सर्जन हात लावणार नव्हते. थांबायला वेळ नव्हता, आणि खोकल्यामुळे भूल देता येईना. आई गरोदर, म्हणून बाहेर. मशीनच्या बोगद्यात पोर एकटीच रडत होती.

म्हाताऱ्या वर्तक सरांनी काचेतून पाहिलं.

"तिला बाहेर काढ. तू झोप."

"मी?"

"मग काय, मी? घड्याळ काढ, पट्टा काढ."

झोपला बापडा. छत पार नाकाशी आलं. ठकठक, घरघर सुरू झाली... आणि इतकी वर्षं याच मशीनपुढे बसलेल्या माणसाला वाटलं, आपण इथे मेलो तरी कुणाला कळायचं नाही.

तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पायाचा अंगठा धरला. सर! त्याच्या जीवात जीव आला.

बाहेर आल्यावर त्यानं रेणूला आत झोपवलं, प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि बोगद्याबाहेर आलेला तिच्या पायाचा अंगठा मुठीत धरला.

"मी आहे हं, बाळा."

मशीन सुरू झालं. रेणू हुंदके देऊ लागली. त्यानं मूठ आणखी आवळली. पोर रडतच राहिली. शेवटी मशीन थांबवावं लागलं.

"काका... तुम्ही पण गेलात?"

अन्वयनं खाली पाहिलं. अंगठा तर त्याच्या मुठीत होता. त्यानं दुसरा पाय धरला, चांगला दाबला.

"काका?"

...

त्यानं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि चाचपडत तिचा हात शोधला. रेणूनं त्याची बोटं घट्ट पकडली. मग ती हलली नाही.

फोटो निघाला. अन्वय बाहेर आला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"सर, मी धरला होता हो... तिला कळलंच नाही."

सरांनी स्क्रीनपुढची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. आता फोटो बघ."