दरबाराचा घसा

तिवरगडच्या सबंध दरबाराचा घसा बसला! म्हणजे, हिंदुराव महाराजांनी तसं ठरवलं. कारभारी बोलले की महाराजांना नुसते ओठ हललेले दिसत. सेनापतींचं तेच, पुजाऱ्याचं तेच. आता महाराजांच्या अंगात खोट काढील त्याची जीभ छाटायची, हा गडाचा कायदा. मग खोट दुसऱ्यांच्या घशात निघणार नाही तर कुठं निघणार?

राजवैद्य विसोबा मोठे विद्वान. नाडी धरून मागच्या जन्मी काय जेवलात ते सांगत. या जन्मी काय दुखतंय हे कुणाला विचारायची मात्र त्यांना लाज वाटे. त्यांनी निदान केलं, साथ आहे! झालं, रोज सकाळी दरबार रांगेत उभा आणि हातात कडू काढा. लढाईत न रडलेले सेनापती काढ्यापुढं रडले.

तरी साथ हटेना. तेव्हा वैद्यबुवांनी साथ आणणारा शोधला, गेनबा चोपदार. याच्या ललकारीनं नदीपलीकडच्या म्हशी उधळत, आणि महाराजांना वाटे हा जांभई देतोय. त्याची चांदीची काठी काढून घेतली आणि हुकूम सुटला, पौर्णिमेच्या आत दरबाराचा घसा मोकळा झाला नाही तर गेनबानं बायकापोरांसकट गड सोडायचा.

गेनबाची लेक ठकू म्हणाली, मी करते बरा. दरबार खो खो हसला. महाराजांना तो हसलेला दिसला.

ठकूनं नाडी धरली नाही की घसा पाहिला नाही. ती गेली पाणवठ्यावर. तिथं दरबाऱ्यांच्या बायकांना विचारत सुटली, की धनी घरी कसे बोलतात हो? कारभारीणबाई म्हणाल्या, "कसे म्हणजे? काल आमटीत मीठ कमी पडलं, ते अख्ख्या आळीला कळलं." सेनापतींचे तर झोपेतसुद्धा हल्ले चालत.

रोग कुठं आहे ते ठकूला कळलं. मग तिनं तांबटाकडून हातभर लांब पितळी कर्णा घडवून घेतला, तेलाच्या नरसाळ्यासारखा. आधी शेजारच्या बहिऱ्या म्हातारीच्या कानाला लावून पाहिला. म्हातारी दचकून सुनेकडं वळली, "इतकी वर्षं तू मला हे म्हणत होतीस होय गं?"

औषध लागू पडत होतं!

पौर्णिमेला ठकूनं खुणेनंच महाराजांना कर्ण्याचं बारीक तोंड कानाला लावायला सांगितलं आणि बापाला डोळा घातला. गेनबानं ललकारी ठोकली. महाराज गादीवरून पडता पडता वाचले. मग कारभारी बोलले, पुजारी बोलला, सगळ्यांचे घसे खणखणीत.

महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घसा यांचा बसलेला, आणि औषध माझ्या कानाला? का गं पोरी?"

आता हिची जीभ जाणार, म्हणून विसोबा सावरून बसले.

ठकू कर्ण्याच्या रुंद तोंडाशी वाकली. "महाराज, अंगावर पिणारं लेकरू आजारी पडलं, तर औषध कुणी घ्यायचं?"

"त्याच्या आईनं."

"मग दरबार आपलं लेकरू. आपण मायबाप. औषध दुसरं कोण घेणार?"

महाराज असे हसले की कर्णा हातात गदगदा हलला. गेनबाला त्याची चांदीची काठी परत मिळाली. ठकूला नदीकाठचा मळा बक्षीस दिला, पण तो हुकूम महाराजांनी मुद्दाम इतक्या हळू आवाजात सांगितला, की लिहून घेताना कारभाऱ्यांनाच कानामागं हात धरावा लागला.