आमचा हौद गळतो!

फार फार वर्षांपूर्वी उंबरमाचीवर झरा होता एकच, अंगठ्याएवढ्या धारेचा. खापराच्या नळांतून त्याचं पाणी घरोघरच्या हौदात यायचं. तिथे ठकूबाई राहत होती. तिचे पाय कधी थाऱ्याला नसत. ती बसली, तरी तिचे कान गावभर फिरून यायचे, असं म्हणतात.

एका चैत्रात सकाळी भरलेले हौद दुपारीच तळ दाखवू लागले. पाटील म्हणाले, "अक्षय्य तृतीयेपर्यंत पाणी टिकलं नाही, तर गाव उठवायचं." बायकांनी भांडी बांधायला घेतली. ठकूबाईच्या फणसाला त्याच वर्षी पहिलं फळ धरलं होतं. ते सोडून ती कुठे जाणार?

तिनं चुलीची फुंकणी उचलली. घरोघर जाऊन एक टोक भिंतीला लावलं, दुसरं कानाला. मुंगीची पावलंही तिला ऐकू यायची, असं म्हणतात. भिंतीभिंतीच्या पोटात पाणी पळत होतं.

पण फुटलेल्या बांगडीला 'वाढली' म्हणतात, तसं उंबरमाचीत गळक्या हौदाला 'वाढला' म्हणत. 'गळतो' म्हटलं तर घरची लक्ष्मी गळून जाईल, ही भीती. आणि जो नुसता वाढलाय, तो दुरुस्त कोण करणार?

"काकू, तुमचा हौद गळतोय."

"जीभ आवर गं! जरासा वाढलाय, एवढंच."

"वाढलाय, तर पाणी कमी कसं?"

दार धाडकन बंद. बावीस घरं, बावीस दारं.

ठकूबाई तणतणत घरी आली. सवयीनं तिनं स्वतःच्या भिंतीला फुंकणी लावली, आणि दचकली. सगळ्यांत मोठी खळखळ तिथेच होती! तिनं हौदात मूठभर हळद टाकली. पिवळी धार निघाली ती थेट फणसाच्या मुळाशी. गाव तहानलेलं होतं, आणि तिचा फणस तेच पाणी पीत होता. तीन वर्षं तीही 'वाढलाय'च म्हणत आली होती.

ती चावडीवर धावली आणि ओरडली, "माझा हौद गळतो! गळतो! गळतो!"

मग पाटलीणबाई पुटपुटल्या, "आमचापण गळतो गं." कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग घराघरातून हाका उठल्या.

घरोघर हळद पडली. डोंगराच्या सगळ्या घळी पिवळ्या झाल्या, जणू डोंगरालाच हळद लागली, असं म्हणतात. ठकूबाईनं चुना, गूळ आणि बेलाचा गर कालवून एकेक भेग बुजवली. सगळ्यांत आधी स्वतःची. फणसाचं फळ गळालं. तृतीयेला हौद काठोकाठ भरले, आणि गाव राहिलं.

पुढे ती दुसऱ्या गावांची गळती ऐकत निघाली. शेवटी एका कातळाला कान लावून ती पाण्यामागे आतच गेली, असं म्हणतात.

आता उंबरमाचीत गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या आहेत. तरी तृतीयेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरची सून टाकीत हळद टाकते, फुंकणी घेऊन भिंती ऐकते आणि दारात उभी राहून ओरडते, "आमच्याकडे गळतं!"

ज्या घरातून हाक येत नाही, तिथे शेजारी आधी पोचतात, चुना कालवूनच.