एकविसावी गाठ

डोंगरातल्या वाटांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनो, जरा पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण यातली चूक लहान मुलं सहसा करत नाहीत.

एका राजाच्या नगरीत निंबाजी नावाचा हलवाई राहत होता. साखरेचं काम करावं तर निंबाजीनंच! तो साखरेची पाकळी इतकी पातळ ओढायचा की तिच्याआडून दिव्याची ज्योत दिसे. त्याच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नाही, असं सगळे म्हणत. निंबाजीलाही ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या मुलखात एक रीत होती. लग्नात मुलीकडून रुखवतात साखरेचा महाल जायचा. मांडवात सासू त्या महालाचा कळस आपल्या हातानं मोडायची, पहिला तुकडा सुनेला भरवायची, आणि मगच अक्षता पडायच्या. पण कळस वाटेतच मोडला तर नवरी आल्या पावली माघारी जायची आणि वर्षभर लग्नाचं नाव काढायचं नाही. राजाच्या लेकीलाही ही रीत चुकत नव्हती.

तर राजाच्या लेकीचं लग्न ठरलं, तेही घाटापलीकडे, आठ दिवसांच्या वाटेवर. ही राजकन्या लहानपणी निंबाजीच्या भट्टीपाशी येऊन बसायची आणि फुटके-वाकडे तुकडे मागून मागून खायची. एकदा तिनं हट्ट धरला होता, की माझ्या लग्नातल्या महालाला एक खिडकी कर आणि खिडकीत राघू बसव. पोर ते बोलून विसरून गेली. निंबाजी विसरला नव्हता. त्याला स्वतःचं लेकरू नव्हतं.

तीन महिने खपून त्यानं महाल उभा केला. कमरेएवढा उंच, आतून पोकळ, चहूबाजूंनी जाळीच्या भिंती, वर कमळाचा कळस. आणि दर्शनी खिडकीत मान वाकडी करून बसलेला राघू. महाल पुरा झाला तेव्हा निंबाजीनं आपले हात पाहिले. ते आता थरथरू लागले होते. असं काम पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हे त्याला कळून चुकलं.

आता प्रश्न आला तो न्यायचा. घडवण्याचे आणि पोचवण्याचे मिळून राजानं पैसे दिले होते, तेव्हा वाहणारा निंबाजीनंच शोधायचा होता. गाडीवानांनी वजन विचारलं, कोस विचारले आणि चटकन भाव सांगितला. पोकळ साखरेचं वजन ते किती असणार? भाव अगदी स्वस्त पडला. पण मागच्या साली एका सावकाराच्या घरची साखरेची दीपमाळ गाडीतून गेली होती. ती अशा अवस्थेत पोचली की आचाऱ्यांनी ती मुकाट्यानं शिऱ्यात घातली. ते आठवून निंबाजी गाडीवानांना सोडून भिवाईकडे गेला.

भिवाई डोंगरात ओझी वाहणारी बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओझं, आणि पायांत वहाणसुद्धा नाही. महाल तिनं चारी बाजूंनी निरखून पाहिला. वजन विचारलं नाही की कोस विचारले नाहीत. मोडला तर रडणार कोण, एवढंच विचारलं. निंबाजीनं राजकन्येचं नाव घेतलं, आणि स्वतःचं घेता घेता गप्प झाला.

मग भिवाई म्हणाली, भाव आत्ता नाही सांगायची, वाट चालून आल्यावर सांगेन. महाल ज्या पाटावर जायचा होता तोच पाट तिनं घेतला, त्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची परात ठेवली, ती डोक्यावर घेतली आणि निघाली. सोळा दिवसांनी ती परत आली. तिच्या पदराला ओळीनं गाठी मारलेल्या होत्या.

“एकवीस ठिकाणी पाणी सांडलं,” ती म्हणाली. “एकवीस मोहरा पडतील, हलवाईबुवा.”

निंबाजीला हसू आवरेना. पाणी सांडायचं हिनं आणि मोहरा मोजायच्या आपण! चुकांचे पैसे मागणारी हमालीण त्यानं जन्मात पाहिली नव्हती. माझ्या भट्टीत पाक करपला तर मी काय गिऱ्हाईकाकडून त्याचे पैसे घेतो, असं तो तिला म्हणाला. त्याला भाव मान्य नव्हता असंही नाही. मोहरा त्याच्यापाशी होत्या. पण घडवणारा मी आणि मोजून मागणारी ही, हे त्याला खुपत होतं. बाईला एक पायरी तरी खाली उतरवायचीच, असं त्यानं मनात धरलं. शेवटी तो म्हणाला, वीस घे.

भिवाईनं पदर हातात घेतला, गाठींवरून बोटं फिरवली आणि सगळ्यात शेवटची गाठ सोडून टाकली.

“बरं. वीस ठिकाणी महाल मी वाहीन,” ती म्हणाली. “एकविसाव्या ठिकाणी तुम्ही.”

निंबाजीला वाटलं, बाई चेष्टा करते आहे. एक मोहोर वाचवल्याच्या आनंदात तो घरी गेला आणि गाढ झोपला.

वऱ्हाड निघालं. पुढे हत्ती, मागे पालखी, आणि मधे भिवाईच्या डोक्यावर तो शुभ्र महाल. पहिल्याच दिवशी नदीकाठी ती खाली बसली आणि उठेना. वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत दोन घटका सगळं वऱ्हाड खोळंबलं. राजाची पालखी थांबली, हत्ती सोंड हलवत थांबले. एका ओझ्यासाठी राजा ताटकळलेला निंबाजीनं कधी पाहिला नव्हता. वारा पडला तशी ती उठली, आणि महालाच्या जाळीतून वाऱ्याची एक शीळसुद्धा न वाजता नदी पार झाली. भिवाईनं पदराची पहिली गाठ सोडली.

दुसरी गाठ धुक्याच्या दरीत सुटली. तिथं हवेतल्या ओलीनं साखरेला घाम फुटतो. भिवाईनं कळीच्या चुन्याची पुरचुंडी आधीच महालाच्या पोटात ठेवली होती. ओल ती पिऊन टाकते, हे निंबाजीला माहीत होतं. त्याच्या बरण्यांत तो तेच करायचा. पण दरी नेमकी कुठं लागते, हे त्याला कुठं माहीत होतं? पुढे वारुळांचा माळ आला. तिथं ती वाटेपासून लांब लांब पिठीसाखरेच्या चिमटी टाकत गेली. मुंग्यांची रांगच्या रांग तिकडे वळली, महालाकडे एकही फिरकली नाही.

आणि मग घाटाची उतरण आली. हत्ती तिथून लांबच्या वाटेनं वळवले. अहो, काय सांगावं! भिवाईनं डोंगराकडे तोंड केलं, दरीकडे पाठ केली आणि ती उलटी उतरू लागली. पाट जरासुद्धा कलू नये म्हणून. पाऊल मागे जायचं, अंगठा दगड चाचपायचा, टाच टेकायची, मगच दुसरा पाय सुटायचा. खाली पाहायची सोयच नव्हती. एकशे बारा पायऱ्या तिला पाठ होत्या. ती पुटपुटत मोजत होती आणि मागून येणारं सगळं वऱ्हाड श्वास रोखून तिच्याबरोबर मोजत होतं. एकशे बारा झाल्यावर कोणीतरी हात जोडले. निंबाजीच्या लक्षात आलं, की ते हात आपलेच आहेत.

झुलत्या पुलावर तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पूल डावीकडे जाई तशी तिची कंबर उजवीकडे जाई, पाय नाचल्यासारखे पडत, आणि मान मात्र देवघरातल्या समईसारखी स्थिर. खिडकीतला राघू जणू भट्टीपाशीच बसला होता. तीन महिने आपण हा महाल घडवला, आणि ही बाई तो रोज नव्यानं घडवते आहे, असं त्याच्या मनात आलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. एकवीस मोहरांवरून आपण हसलो होतो, हे आठवून तो मान खाली घालून चालू लागला.

आठव्या दिवशी सकाळी वऱ्हाड नवऱ्याच्या नगरीत शिरलं. वेशीतल्या फरसबंदीवर भिवाईनं विसावी गाठ सोडली. मांडव समोर दिसत होता. सपाट, शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर रांगोळी. ना दरी, ना वारा, ना मुंगी. मांडवाच्या दाराशी भिवाई थांबली.

“इथून पुढे तुम्ही, हलवाईबुवा,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला मांडव उभारत होते. इथं पाणी सांडलं, कारण मी वर बघितलं.”

आता निंबाजीला त्या सोडलेल्या गाठीचा अर्थ कळला. पण ‘वीस घे’ हे बोल तर त्याचेच होते, आणि मुहूर्त जवळ आला होता. शिवाय मनातलं म्हणाल तर थोडं बरंही वाटलं. चाळीस पावलांची सपाट जमीन! महाल आपला, तो आपणच घेऊन जावा, हे शोभूनही दिसेल. त्यानं चुंबळ डोक्यावर घेतली, भिवाईनं अलगद पाट टेकवला, आणि तो चालू लागला.

दहा पावलं नीट पडली. वीस पडली. तेवढ्यात मांडवातल्या लोकांना महाल दिसला. सगळा मांडव उठून उभा राहिला, आणि हजार तोंडांतून एकाच वेळी ‘अहाहा’ निघालं. जन्मभर निंबाजी भट्टीमागे राहिला होता. त्याचं काम पाहणाऱ्यांचे चेहरे त्यानं कधी पाहिलेच नव्हते. ते पाहायला त्यानं मान वर केली.

पाट कलला. वर कुठंतरी बारीकसा टिचल्याचा आवाज झाला. खिडकीतला राघू सुटला आणि रांगोळीवर पडून त्याचे चार तुकडे झाले.

निंबाजी जागच्या जागी थिजला. कळसावर चीर गेली की काय, हे त्याला दिसत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. त्याचे हात थरथरत होते, हातांमुळे पाट थरथरत होता, पुढे पाऊल टाकवेना, मागे सरकवेना. समोर राजकन्या हळदीच्या अंगानं उभी होती, आणि एका पावलात तिचं वर्ष जाणार होतं. वाजंत्रीवाले थांबले.

त्या भरल्या मांडवात, दोन राजांच्या देखत, निंबाजी मोठ्यानं म्हणाला, “भिवाईबाई, माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही या.”

आजवर तो तिला ‘अगं ए’ म्हणत आला होता.

भिवाई आली. ती त्याला पाठीमागून चिकटून उभी राहिली, त्याच्या श्वासाला श्वास जुळवला, आणि तो श्वास सोडतो आहे एवढ्यात पाट उचलून आपल्या डोक्यावर घेतला. लोकांना तो उचललेला दिसलाही नाही. उरलेली वीस पावलं ती अशी गेली की मांडवात कोणी पापणी लववली नाही. महाल चौरंगावर टेकला. कळस साबूत होता. सासूनं तो आपल्या हातानं मोडला, सुनेला भरवला, आणि अक्षता पडल्या.

मग राजकन्या वाकली. रांगोळीत पडलेले राघूचे चार तुकडे तिनं वेचले आणि सगळ्यांसमोर एक तोंडात टाकला, लहानपणी भट्टीपाशी टाकायची तसाच. निंबाजीकडे पाहून ती हसली. तेव्हा मात्र म्हाताऱ्याला रडू आवरलं नाही.

सासरच्या राजानं निंबाजीला पुढे बोलावून शालजोडी दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि भिवाईच्या खांद्यावर घातली. मग कनवटीची एक मोहोर काढून तिच्या हातावर ठेवली. लाजून, खाली पाहत. भिवाईनं आढेवेढे घेतले नाहीत. तिचा भाव पहिल्यापासून तोच होता. मोहोर तिनं पदरात ठेवली आणि तिच्यावर गाठ मारली, एकविसावी.

त्या मुलखात अजून साखरेचे महाल जातात. पण आता हलवाई आधी वाहणाऱ्याकडे जातो आणि मगच साखर चुलीवर चढवतो. आणि वाहणारा जो भाव सांगेल, त्यातली एकही गाठ कोणी सोडायला लावत नाही.

बोध: जो आपल्यासाठी आधी पाणी सांडून येतो, त्याच्या सांडलेल्या थेंबांचं मोल कधी कमी करू नये.