कोंडाईची पांढरी

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. माझ्या आजीला ती तिच्या आजेसासूनं सांगितली, आणि त्या आजेसासूलाही ती जुनीपुराणीच वाटायची.

तेव्हा आपली हिवरवाडी नव्हती. ओढा होता, ओढ्याकाठी हिवराची झाडं होती आणि दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर काळीभोर जमीन होती. त्या काळ्या रानाच्या मधोमध एक बुटकं, फिकट टेकाड होतं. बाकी काही नाही.

वरच्या माळावर लागोपाठ पाऊस रुसला, तेव्हा तीन भाऊ बैलगाड्या जुंपून खाली उतरले. थोरला सुभानजी, मधला राणोजी, धाकटा हैबती. आज गावात जेवढी जुनी घरं आहेत, ती सगळी या तिघांची. थोरल्याची बायको कोंडाई. ही गोष्ट तिची.

या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मुरमात नांगर घातला होता. फाळाला दगड लागल्याचा खणखणाट ऐकतच त्यांची पोरं मोठी व्हायची. इथली माती पाहून हैबती गाडीतून खाली उतरला, मूठभर ढेकूळ उचललं आणि जिभेला लावून बघितलं, असं म्हणतात. मग भावांनी ठरवलं, घरं याच मातीवर बांधायची. दारात उभं राहिलं की पायाखाली शेत पाहिजे. माळावर त्यांची घरं खडकावर उभी असायची, पाया म्हणून कधी खणावा लागला नव्हता. काळ्या मातीचा स्वभाव त्यांना ठाऊकच नव्हता.

पहिल्या उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडल्या, वासराचा पाय अडकेल एवढ्या. भिंती तडकल्या. भावांनी त्या लिंपून घेतल्या. मग पावसाळा आला आणि माती फुगली. एका दुपारी हैबतीच्या घराची भिंत आत कोसळली. तिच्याखाली त्याची लेक होती, नुकती चालायला लागलेली. हैबतीची बायको मैना तेव्हा ओढ्यावर पाणी आणायला गेली होती. हा भाग मला हळू सांगता येत नाही, म्हणून एवढंच सांगते.

भावांनी पुन्हा भिंती घातल्या, आधीपेक्षा जाड. त्या जाड भिंतीही वाकल्या. एव्हाना मैनाला पुन्हा दिवस गेले होते. घरात झोपायला ती तयार होईना, गाडीखाली झोपायची. सुभानजीनं सांगून टाकलं, की यंदाच्या पावसात घरं टिकली नाहीत तर गाड्या जुंपायच्या आणि परत माळावर जायचं. परत जायचं म्हणजे कशावर, ते त्यालाही माहीत नव्हतं. माळावर प्यायला पाणीसुद्धा उरलं नव्हतं.

पहिल्या सरी पडल्या त्या दिवशी कोंडाईची गाय दावं तोडून गेली. शोधत शोधत कोंडाई टेकाडापाशी पोचली, तर गाय वर निवांत रवंथ करत बसलेली. कोंडाई तिला आणायला वर चढली आणि तिच्या लक्षात आलं, की खाली चिखलातून पाय उपसून काढावा लागत होता, आणि इथे तळवा नुसता ओला होत होता. माती पांढुरकी होती, राखेसारखी. तिनं ओटीत थोडी माती आणली आणि आपली चूल लिंपली. काळ्या मातीची चूल दर पंधरवड्याला तडकायची. ही तडकली नाही.

टेकाड मात्र कुणी वापरत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. तिथून मेंढरं नेणाऱ्या धनगरानं भावांना आधीच सांगून ठेवलं होतं, की तिथे पूर्वी गाव होतं, आणि एका साली पटकीची साथ आली तेव्हा अख्खं गाव ओस पडलं. रडायलाही कुणी मागे राहिलं नाही, असं म्हणतात. तो धनगरसुद्धा मेंढरं टेकाडाला वळसा घालून न्यायचा.

कोंडाईनं दिरांना सांगितलं, घरं वर न्यावीत. राणोजी थट्टेखोर होता. तो म्हणाला, "वैनी, भुतांची पाटीलकी घेताय काय? मग आमची तेवढी शिफारस करा."

कोंडाई हसली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, ही काळी माती खायला देईल. राहू देणार नाही. एक लेकरू घेतलंय तिनं."

 तरीही वर कुणी आलं नाही.

कोंडाई एकटी गेली. खोपीसाठी लाकडी मेढी रोवायला तिनं जमीन उकरली, तर खाली तीन दगड निघाले. काळे, धुरानं माखलेले. ती चूल होती. जरा पलीकडे उकरलं, तर आणखी एक. मग आणखी. एका चुलीपाशी फुटका पाटा होता, एकीपाशी बांगडीचा तुकडा. तेव्हा कोंडाई घाबरली, असं म्हणतात. हातातली पहार टाकून ती अर्ध्या उतारापर्यंत पळत आली. मला हे ऐकून नेहमी बरं वाटतं.

अर्ध्या उतारावर ती थांबली. खाली तिला गाडीखाली बसलेली मैना दिसली. मग ती परत वर गेली.

तिनं बरोबरचं पीठ मळलं, भाकरी थापल्या आणि निघालेल्या प्रत्येक चुलीवर एकेक भाकरी ठेवली. शेवटी जमिनीवर बसून ती मोठ्यानं म्हणाली, "बायांनो, तुमचं गाव तुमचंच आहे. आमची एक पोर अडलीये. तेवढ्यापुरती जागा द्या."

सांजवेळी भाऊ रानातून परतत होते. त्यांनी टेकाडाकडे पाहिलं. कोंडाईनं चूल एकच पेटवली होती, पण टेकाडावरून जागोजागी धूर निघत होता, एखाद्या नांदत्या गावातून निघावा तसा. राणोजीला त्यावर थट्टा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी मैना कुणाला न विचारता उठली आणि पोट सावरत वर गेली. हैबती हाका मारत मागे धावला, तेवढ्यात आभाळ फाटलं. असा पाऊस पुन्हा कधी झाला नाही, असं म्हणतात. काळ्या रानात माणूस मांडीपर्यंत रुतू लागला. हैबतीला पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. एका हिवराला मिठी मारून तो टेकाडाकडे बघत राहिला. त्याच्या मागे तिन्ही घरं एकामागून एक बसली. सुभानजी आणि राणोजी बैलं सोडून कसेबसे बाहेर पडले होते.

वर, कोंडाईनं रातोरात उभ्या केलेल्या तुराट्यांच्या खोपीत, मैना बाळंत होत होती आणि तिच्याजवळ एकटी कोंडाई होती.

पुढे म्हातारी होईपर्यंत मैना त्या दिवसाबद्दल एकच गोष्ट सांगायची, आणि दर वेळी अगदी त्याच शब्दांत. "जाऊबाईंचे दोन्ही हात माझ्या पुढ्यात होते. मग माझी पाठ कोण चोळत होतं?" कुणी तरी तिच्या तोंडाला पाणी लावलं होतं. कुणी तरी पायाशी निखारे आणून ठेवले होते, त्या पावसात. लिहितानाही मी एकदा मागे वळून बघितलं.

मुलगी झाली. चांगली रडली.

पाऊस ओसरल्यावर भाऊ धडपडत वर पोचले. चिखलानं तिघांची तोंडंसुद्धा ओळखू येत नव्हती. खोपीभोवती ओल्या मातीत पावलंच पावलं उमटली होती, बायकांची, लहानमोठी. राणोजीनं हळूच विचारलं, "वैनी, कोण कोण होतं हो?"

कोंडाई बाळाला पुसत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "घरच्या बायका."

त्यानंतर गाव टेकाडाच्या पांढरीवर उभं राहिलं. जुन्या चुलींचे दगड कुणी हलवले नाहीत. प्रत्येक घर त्यातल्या एका चुलीभोवती बांधलं गेलं, म्हणून आपल्या गावच्या गल्ल्या अशा वाकड्यातिकड्या आहेत. भिंतींना पुन्हा तडा गेला नाही. पुढे बरकत आली तेव्हा सुभानजीच्या मनात आलं, वेशीवर दगड उभारावा आणि त्यावर कोरावं, की हे गाव आम्ही वसवलं. दगड गाडीतून आणलाही होता. कोंडाई तेव्हा पार वाकली होती. काठी टेकत ती वेशीपर्यंत गेली आणि म्हणाली, "वसवलं म्हणू नका. आपण आलो." तो दगड कोराच राहिला. आता त्यावर बसून लोक एसटीची वाट बघतात.

कोंडाई कशी गेली, त्याबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतात, झोपेत गेली. कुणी म्हणतात, शेवटी तिच्या अंथरुणाभोवती घरात मावणार नाहीत इतक्या बायका जमल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचजणी कुणाच्याच ओळखीच्या नव्हत्या.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळीकडे पितरांसाठी घागर भरतात. आपल्या हिवरवाडीत प्रत्येक घरात दोन भरतात. पहिली भरताना नावं घेतात, सासऱ्यांचं, आजेसासऱ्यांचं, पार त्या तीन भावांपर्यंत. दुसरीला कोंडाईची घागर म्हणतात, पण ती कोंडाईसाठी नसते. तिच्या वेळी कुणाचंच नाव घेत नाहीत. नुसतं पाणी ओतायचं, वर एक भाकरी ठेवायची आणि थोडा वेळ गप्प उभं राहायचं. गावात बदलून आलेल्या मास्तरांच्या घरीही ती भरतात, आणि ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेल्यांच्या घरीही.

दर वर्षी कुठली तरी नवी सून हातातला तांब्या थांबवून विचारते, ही कुणाची?

सासू म्हणते, "माहीत नाही गं. काठोकाठ भर."