बिरूचा दम

"माणूस थकतो तेव्हा त्याच्यातलं नेमकं काय संपतं, वस्ताद?"

धनपालने कुस्तीच्या हौदाच्या काठावरून विचारले. याच तालमीच्या तांबड्या मातीत तो घडला होता. पुढे शहरात जाऊन शरीरशास्त्र शिकला, स्वतःची तालीम काढली, नावारूपाला आला.

बाबालाल वस्ताद मारुतीपुढची वात सारखी करत होते. त्यांनी वळूनही पाहिले नाही.

"तूच सांग. शिकलेला तू."

"काहीच संपत नाही. अंगात बळ शिल्लक असतं. मेंदू भितो आणि आधीच थांबवतो. ती भीती मोडली, की माणूस पुढं जातो."

"बिरू गेला की पुढं."

धनपालची मान खाली गेली.

बिरू त्याचा पट्ठा. सरावात दम संपला की खालच्याने मातीवर हात आपटायचा आणि वरच्याने तत्क्षणी सोडायचे, हा तालमीचा धर्म. धनपालने आपल्या तालमीत तो हात आपटणेच बंद केले होते. ऐन वैशाखात, त्याच्याच पकडीखाली, बिरूने गुरूची आज्ञा पाळली... आणि तो उठला नाही.

"डॉक्टर म्हणाले, त्याचं काळीज आधीपासूनच अधू असेल."

"असेल."

"मग माझा दोष नाही, एवढं म्हणा. त्याची आई माझ्या दारावरून जाते, शिवीसुद्धा देत नाही. तुम्ही म्हणालात तर मी जगेन, वस्ताद."

वस्ताद वात सोडून हौदापाशी आले.

"हौदात उतर. पालथा पड."

धनपाल पडला. वस्तादांनी त्याच्या मानेवर आपला वाळका हात टेकवला.

"झटक मला."

म्हाताऱ्याच्या हाताला वजन असे नव्हतेच. तरी धनपालला मान उचलवेना. माती नाकातोंडात गेली. छाती धपापू लागली. बळ जागच्या जागी होते. त्यातले कणभरही खर्ची पडले नव्हते... आणि दम संपला होता.

अखेर त्याने मातीवर हात आपटला.

पुन्हा आपटला. मग आपटतच राहिला.

"सोडा, वस्ताद... सोडा!"

उत्तर आले ते दुरून, मारुतीच्या कोनाड्यापासून.

"मी केव्हाच सोडलंय तुला, लेकरा."