भोंगा, मुजरा आणि सगुणेची सायकल

चैत्र वद्य सप्तमी, बुधवार. वारा पडलेला, आभाळ कोरडं, ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. अशा सकाळी कळंबगिरी संस्थानच्या राजरस्त्यावर सगुणा गवळण दुधाच्या सायकलीसकट खड्ड्यात पडली. श्रीमंत बापूसाहेब सरकारांची मोटार मागून आली, भोंगा वाजला, सगुणेनं वाटही दिली. पण मोटारीला सगळाच रस्ता हवा होता.

दूध मातीला मिळालं. वर सायकल जप्त होऊन वाड्याच्या पागेत गेली. दिवाण भास्करपंतांचं म्हणणं पडलं की गुन्हा सायकलीचाच, कारण मोटार काही खड्ड्यात पडली नव्हती.

संस्थानात मोटार ती एकच. सायकली मात्र पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांकडे. पूर्वी मोटार आली की सायकलवाले नुसती मान लववून पुढे जात. दोन्ही हात मुठींवर असताना मुजरा करणार कसा? दिवाणांना ती मान पुरेना. त्यांनी त्याच सकाळी दवंडी पिटवली, की भोंगा ऐकू येताच सायकलवाल्यानं खाली उतरावं, कडेला व्हावं आणि सरकारांना रीतसर मुजरा करून मगच पुढे जावं.

आता सरकारांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक मोटार, दुसरी आजोबांची रीत. रयतेचा मुजरा थांबून घेतल्याशिवाय या गादीचा धनी पुढे पाऊल टाकत नाही, ही ती रीत. ऐन लढाईला निघालेल्या आजोबांनी एका कोळणीच्या मुजऱ्यासाठी घोडा थांबवला होता म्हणे. ही गोष्ट सरकार प्रत्येक पाहुण्याला सांगत. काही पाहुण्यांना दोनदा.

त्याच दुपारी सगुणा दरबारात जाऊन उभी राहिली. गुडघा फुटलेला, लुगड्याला माती. सायकल परत मिळावी, एवढंच तिनं मागितलं. सरकार म्हणाले, सायकल राहू दे बाजूला, राजरस्त्यावर यापुढे सायकलीच नकोत. गवळ्यांनी नदीकाठच्या वाटेनं जावं. सगुणेनं सांगितलं की नदीकाठानं स्टेशनच्या पेठेत जाईतो या उन्हात दूध नासतं, आणि बाळंतिणी तिकडे दुधाची वाट बघत असतात.

"रस्ता वेगानं जाणाऱ्याचा असतो," सरकार म्हणाले.

"रस्ता पोचणाऱ्याचा असतो, सरकार. पोचायचं म्हणाल तर मीबी पोचते."

"आमच्या मोटारीच्या आधी?"

दरबार हसला. सगुणा हसली नाही. सरकारांना ते बोचलं. त्यांनी तिथल्या तिथं पैज लावली: उद्या सकाळी वाड्याच्या दारातून मोटार आणि सायकल एकदम निघतील. सगुणा स्टेशनवर आधी पोचली तर रस्ता सायकलींनाही मोकळा. नाही पोचली तर तिची सायकल कायमची गेली, आणि सगळ्यांच्या सायकलींना राजरस्ता बंद. दिवाणांनी शेपूट जोडलं, की भोंग्याचा हुकूम पैजेतही पाळायचा!

सगुणा जराशी विचारात पडली. मग म्हणाली, "पाळीन. पण सगळ्यांनी पाळायचा ना, सरकार? का एकट्या मीच?"

"अर्थात सगळ्यांनी."

"मग उद्याच्या दिवस सगळ्यांना सायकली घेऊन रस्त्यावर येऊ द्या. मी हरलेली समद्यांनी बघितली म्हंजे मागनं कुणी तक्रार करायचं नाही."

सरकारांना मोटार मिरवायला गर्दी हवीच होती. त्यांनी आनंदानं होकार दिला. परतीच्या वाटेवर सगुणा पोस्टमनकडे थांबली, न्हाव्याकडे थांबली, शाळेच्या मास्तरांशी तर बराच वेळ बोलली.

दुसऱ्या दिवशी वाड्याचं दार उघडलं. पागेतून आणलेल्या सायकलीला दुधाच्या कासंड्या अडकवून सगुणा वर बसते न बसते तोच भोंगा वाजला. ती उतरली, पदर सावरला, मुजरा केला. सरकारांनी मोटारीतून हात कपाळाला लावला आणि मोटार धुरळा उडवत निघून गेली. दिवाण मागे वळून बघत होते, तोंडभर हसत.

पिंपळाच्या पारापर्यंतच ते हसू टिकलं. पुढे रस्ताभर सायकली चालल्या होत्या, अगदी सावकाश. भोंगा वाजवला नाही तर कुणी बाजूला होईना. भोंगा वाजवला तर सगळे पटापट उतरत, कडेला होत आणि एकामागून एक मुजरा करत. पोस्टमनचा मुजरा घेतला तर न्हावी उभा. न्हाव्याचा घेतला तर मास्तर उभे. आणि मास्तरांनी जुन्या पद्धतीचा, तीनदा वाकून, मधे पागोटं सावरून केलेला मुजरा म्हणजे अर्धा तास वाटावा. मुजरा झालेले पुढे जाऊन पुन्हा मोटारीच्या पुढ्यात येत होते.

शोफरनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. दिवाण कुजबुजले, की आजच्या दिवस रीत बाजूला ठेवावी.

"ऐन लढाईत आजोबांनी घोडा थांबवला होता, भास्करपंत," सरकार घाम पुसत म्हणाले, आणि हात पुन्हा कपाळाला नेला.

एवढ्यात मोटारीच्या बाजूनं सगुणा आली. भोंगा ऐकून उतरली, मुजरा केला, सरकारांनी तो घेतला. ती पुन्हा सायकलीवर बसली आणि पुढे निघून गेली. थोड्याच वेळात भोंगा ऐकू येण्याच्याही पलीकडे गेली.

सरकार स्टेशनवर उतरले तेव्हा चिंचेखाली बसून सगुणा दूध मापत होती. तिच्या कासंड्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या.

"आमच्या मोटारीला काय केलंस तू?" सरकारांनी विचारलं.

सगुणेनं उठून मुजरा केला. सरकारांचा थकलेला हात आपोआप वर गेला.

"मी काय करणार, सरकार? भोंगा तुमचा, हुकूम दिवाणसाहेबांचा, रीत थोरल्या सरकारांची. तिघांनी मिळून मोटार अडवली. मी नुसतं दूध पोचवलं."

 सरकारांनी वर गेलेल्या स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्यानं हसले की चिंचेवरचे कावळे उडाले.

भोंग्याचा हुकूम त्याच दिवशी रद्द झाला. राजरस्त्याची डावी बाजू चुन्याची रेघ मारून सायकलींना दिली. सगुणेला नवी सायकल आणि वाड्याच्या दुधाचा रतीब मिळाला. तिची जुनी सायकल दुरुस्त करून दिवाण भास्करपंतांना कचेरीत येण्याजाण्यासाठी देण्यात आली.